मोजणीत नसलेला बोल्ट : नागपुरातील एका क्रेन-दुरुस्तीचे प्रकरण

हिंगणा औद्योगिक वसाहतीत पोलादी सांगाडे तयार करणाऱ्या एका कारखान्यात, ओव्हरहेड क्रेनच्या ब्रेकचे लायनर (घासून पकड देणारे अस्तर) बदलण्याचे काम पूर्ण झाल्यानंतर सुमारे वीस मिनिटांनी, क्रेनवरून पडलेला बोल्ट लागून माल रवाना करणाऱ्या विभागातील एका कंत्राटी कामगाराच्या खांद्याचे हाड मोडले. ‘पूर्ण झाल्यानंतर’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे, कारण त्या क्षणी कामाच्या परवान्यावर ‘काम संपले, जागा साफ’ असा शेरा पडलेला होता आणि त्याखाली सुरक्षा अधिकारी म्हणून माझी सही होती. कारखान्याचे नाव येथे देत नाही. घडलेल्या प्रकाराचा क्रम आणि त्यानंतर आम्ही काय बदलले, एवढेच नोंदवतो.

शेडमध्ये तीन बे, म्हणजे खांबांच्या ओळींमधले लांब पट्टे, आहेत. मधल्या बेमध्ये २० टन क्षमतेची, दोन गर्डरची क्रेन चालते. बेची लांबी ९६ मीटर असून क्रेनच्या क्रॅबवरील, म्हणजे दोर गुंडाळणारा ड्रम आणि त्याचा गिअरबॉक्स ज्या गाड्यावर बसवलेला असतो त्यावरील, चालण्याची पाटी जमिनीपासून साधारण १० मीटर उंच आहे. मे महिन्यात या क्रेनबद्दल एक तक्रार वारंवार येऊ लागली : भार उचलून थांबवला की हुक थोडा खाली सरकतो. ब्रेकचे लायनर झिजल्याचे हे उघड लक्षण होते, आणि खलाशांनीच, म्हणजे भार हुकाला अडकवून खालून खुणा करणाऱ्या कामगारांनीच, ते आधी ओळखले. मोठा भार हवेत असताना हुक दोन बोटे खाली आला, तरी ते जाणवणारा माणूस खाली हात वर करून उभा असलेला खलाशीच असतो.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस, लागायच्या आधीचा आठवडा होता. नागपुरात या दिवसांत पारा ४४ अंशांच्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या छताखाली दहा मीटर उंचीवर काम करणाऱ्याला तो आकडा ऐकून हसू येईल. म्हणून साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ वाजता काम सुरू करून ११ पर्यंत माणसे खाली उतरवायची, असे ठरले. ठेकेदाराचे दोन फिटर आणि एक हेल्पर, कारखान्याचा एक इलेक्ट्रिशियन आणि मी असे आम्ही पाच जण होतो.

कामाची तयारी, निदान तेव्हाच्या आमच्या समजुतीप्रमाणे, चोख होती. क्रेन पूर्वेकडच्या टोकाला उभी करून हुक ब्लॉक जमिनीवर टेकवला, कारण ब्रेक सैल केला की हुक आपल्याच वजनाने खाली येऊ शकतो. मुख्य पुरवठा बंद करून स्विचला कुलूप आणि फलक लावला. क्रेनखाली आठ मीटर बाय आठ मीटर जागा लाल-पांढऱ्या पट्टीने अडवली. वर नेण्याच्या प्रत्येक हत्याराची रजिस्टरमध्ये नोंद केली. ती १४ होती. पाने आणि हातोडे दोरीने कमरपट्ट्याला किंवा रेलिंगला बांधलेले होते, आणि नवे लायनर, पिना, नट हे सारे तोंड बांधता येणाऱ्या कॅनव्हासच्या पिशवीतून दोराने वर ओढले गेले. दोन किलोंचा हातोडा मात्र माणसाच्या पट्ट्याला न बांधता रेलिंगला बांधायचा, हा नियम फिटरने स्वतःहून पाळला. एवढे वजन हातातून निसटून दोरीला झटका बसला तर हातोड्याबरोबर माणसाचाही तोल जातो, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते.

काम लांबले. ब्रेकच्या एका शूची, म्हणजे लायनर ज्यावर बसतो त्या भागाची, पिन गंजून घट्ट बसली होती आणि ती काढण्यात दीड तास गेला. १२ वाजून ४० मिनिटांनी नवे लायनर बसले, ब्रेकची फट जुळवली, हत्यारे खाली आली, रजिस्टरशी ताडून पाहिली. चौदाच्या चौदा. हेल्परने पट्टी गुंडाळली, मी परवान्यावर सही केली, आणि सर्वांनाच सावलीची आणि पाण्याची घाई झाली होती.

उरली होती फक्त चाचणी. चाचणीचे वजन बेच्या पश्चिम टोकाला ठेवलेले होते, म्हणून इलेक्ट्रिशियनने पेंडंटवरून, म्हणजे क्रेनला लटकणाऱ्या बटणांच्या पेटीवरून, क्रेन तिकडे चालवत नेली. त्याच टोकाला आदल्या रात्री भरलेला एक ट्रक उभा होता आणि रवानगी विभागातला एक कामगार त्यावर ताडपत्री आवळत होता. सुट्टीच्या दिवशी गाडी काढण्याचा निर्णय सकाळी नऊच्या सुमारास झाला होता आणि तो आमच्यापर्यंत पोचला नव्हता. क्रेन रुळांच्या एका सांध्यावरून गेली, नेहमीचा ठक्क आवाज आला, आणि पाठोपाठ ट्रकच्या फाळक्यावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला. बोल्ट फाळक्यावर आदळून उसळला आणि त्या कामगाराच्या उजव्या खांद्याला लागला. डोक्यावर हेल्मेट होते. हेल्मेटशी बोल्टाचा संबंधच आला नाही. हाड मोडल्यामुळे तो सात आठवडे कामावर येऊ शकला नाही.

बोल्ट कुठला

पहिला संशय अर्थातच फिटरवर गेला. परंतु खाली पडलेला बोल्ट २४ मिलिमीटर व्यासाचा आणि १०० मिलिमीटर लांबीचा, नटासह साधारण ६०० ग्रॅम वजनाचा होता, आणि ब्रेकच्या कामात त्या मापाचा एकही बोल्ट नव्हता. तो हातात घेतल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. त्याच्या एका बाजूला ग्रीस आणि धूळ यांचा बोटभर जाड, वाळून तडे गेलेला थर होता आणि दुसरी बाजू जवळजवळ स्वच्छ होती. कित्येक महिने एकाच कुशीवर पडून राहिलेल्या वस्तूची ही खूण आहे.

दुपारी चार वाजता मी स्वतः वर गेलो. क्रॅबवरच्या खवल्यांच्या पत्र्यावर सगळीकडे काळा चिकट थर होता, आणि गिअरबॉक्सच्या पायाशी त्या थरात एका बोल्टाच्या आकाराची जागा अगदी स्वच्छ होती : षटकोनी डोके, दांडा, टोकाला नट. साच्यातून वस्तू काढून घ्यावी तशी ती आकृती होती. डिसेंबरमध्ये गिअरबॉक्सची बैठक पुन्हा जुळवताना पायाचे चारही बोल्ट बदलले होते. जुन्या चारपैकी एक तिथेच राहिला होता. डिसेंबर ते मे या काळात ही क्रेन रोज दोन पाळ्या चालत होती आणि तिच्याखाली रोज माणसे काम करत होती.

मग तो इतके महिने पडला का नाही, आणि त्याच दिवशी का पडला? आकृतीची जागा पाटीच्या कडेपासून दीड मीटर आत होती, त्यामुळे तिथून तो आपसूक घरंगळणे अशक्य होते. दोन्ही फिटरांशी मी वेगवेगळे बोललो, आणि परवान्याचा किंवा दंडाचा विषय काढायचा नाही असे आधीच ठरवले होते. धाकट्याने फारसे आढेवेढे न घेता सांगितले, “साहेब, तो बोल्ट मले दिसला होता. पायाखाली येत होता म्हनून कडेले सरकवून ठेवला. उतरताना नेतो म्हनलं, मंग राहूनच गेला.”

या वाक्याबद्दल त्याच्यावर कारवाई करावी, असे व्यवस्थापनातील एका अधिकाऱ्याचे मत होते. मी विरोध केला, आणि आजही माझे मत तेच आहे. पायाखाली आलेली वस्तू बाजूला करणे ही शहाण्या माणसाची कृती होती. ती वस्तू खाली आणण्यासाठी त्याच्याकडे पिशवी नव्हती, कारण कॅनव्हासची एकमेव पिशवी जुन्या लायनरांनी भरलेली होती, आणि रजिस्टरमध्ये अशा सापडलेल्या वस्तूसाठी रकानाच नव्हता. मोजणीत चूक झाली नव्हती. आम्ही फक्त आमच्याच वस्तू मोजत होतो.

कडेला ठेवलेला बोल्ट पडू नये म्हणूनच पाटीला १०० मिलिमीटर उंचीची उभी पट्टी, म्हणजे टो-बोर्ड, लावलेला असतो. तो होता, परंतु केबल जाण्यासाठी कधीतरी त्याचा हातभर तुकडा कापलेला होता. बोल्ट नेमका त्या खिंडीच्या शेजारी ठेवला गेला आणि सांध्यावरच्या धक्क्याने खिंडीतून बाहेर गेला. हा तुकडा कोणी आणि केव्हा कापला याची नोंद कुठेही मिळाली नाही. कापलेल्या कडा गॅसकटरच्या होत्या, आणि त्यांवरचा रंग क्रेनच्या मूळ रंगाशी जुळत नव्हता, एवढेच सांगता येते.

पट्टी जमिनीवर, धोका रुळावर

दहा मीटरवरून सुटलेली वस्तू साधारण १.४ सेकंदांत जमिनीवर येते आणि तेव्हा तिचा वेग ताशी ५० किलोमीटर असतो. ६०० ग्रॅमच्या बोल्टात त्या वेळी सुमारे ५९ जूल ऊर्जा असते. तुलनेसाठी सांगायचे तर ईएन ३९७ या युरोपीय मानकात हेल्मेटची धक्का शोषण्याची चाचणी ५ किलोंचे वजन एक मीटरवरून टाकून, म्हणजे सुमारे ४९ जुलांवर, घेतली जाते. हेल्मेट यामुळे निरुपयोगी ठरत नाही, पण ते घातले म्हणजे क्रेनखाली उभे राहायला हरकत नाही, ही समजूत मात्र निकालात निघते. तेल आणि वायू उद्योगात वापरला जाणारा ड्रॉप्स नावाचा तक्ता वस्तूचे वजन आणि उंची यांवरून इजेचा अंदाज देतो, आणि तोदेखील वस्तू बोथट आहे व माणसाने हेल्मेट घातले आहे असे गृहीत धरूनच.

दुसरा हिशेब आम्ही कधीच केला नव्हता. ही क्रेन रुळावरून मिनिटाला ४० मीटर वेगाने धावते, त्यामुळे चालत्या क्रेनवरून सुटलेली वस्तू खाली येईपर्यंत सुमारे एक मीटर पुढे सरकते, आणि मध्ये फाळका, तुळई किंवा रचलेले पत्रे लागले तर कुठेही उसळते. आमची पट्टी आठ बाय आठ मीटरची आणि एका जागी खिळलेली होती. त्या दिवशी हेल्परने ती गुंडाळली नसती, तरी ती अपघाताच्या जागेपासून साठ मीटर दूर पूर्वेला राहिली असती. क्रेन ही चालती कामाची जागा आहे, हे वाक्य आम्ही प्रशिक्षणात कितीतरी वेळा म्हटले असेल. पट्टी बांधताना मात्र ती इमारतीचा एखादा मजला असल्यासारखी बांधली.

तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ मधील कलम २९ उचल यंत्रांविषयी आहे. चालत्या क्रेनच्या रुळाजवळ कोणी काम करत असेल तर क्रेन त्याच्यापासून ६ मीटरांच्या आत येऊ नये अशी तरतूद त्यात आहे, आणि सक्षम व्यक्तीकडून दर बारा महिन्यांतून किमान एकदा सखोल तपासणी करून घेण्याचेही बंधन आहे. आमचे तपासणी प्रमाणपत्र वैध होते. ती तपासणी दोर, हुक, ब्रेक, लिमिट स्विच यांची होते. पाटीवर कोणी काय विसरले आहे हे पाहणे तिचा हेतू नाही. जखमी कामगार ४८ तासांपेक्षा अधिक काळ कामावर येऊ शकणार नव्हता, म्हणून कलम ८८ प्रमाणे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला अपघाताची सूचना दिली.

येथे एक अवांतर वाटणारी, पण अवांतर नसलेली गोष्ट सांगतो. दसऱ्याला आमच्याकडे सर्व यंत्रे धुऊन पुसून त्यांची पूजा होते. क्रेनच्या हुकाला हळदकुंकू लागते, झेंडूची माळ पडते, पेंडंटलाही गंध लागते. वर मात्र कोणी झाडू घेऊन चढत नाही. जे खालून दिसते त्याचीच पूजा होते आणि त्याचीच सफाई.

काय बदलले

अपघातानंतरच्या आठवड्यात तिन्ही बे रिकामे करून प्रत्येक क्रेनवर आम्ही फक्त झाडू, पत्र्याचे सुपडे, लोहचुंबक आणि दोन रिकाम्या पिशव्या घेऊन गेलो. तीन क्रेन मिळून ११ किलो सामान खाली आले. त्यात तीन बोल्ट, अर्धे ब्रेक लायनर, हॅकसॉची पाती, वेल्डिंग रॉडची थोटके, काचेची सोडा बाटली आणि खर्र्याच्या (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या) रिकाम्या पन्न्या एवढ्या होत्या की त्यांचीच एक पिशवी भरली. खर्र्याच्या पन्नीने कोणाचे हाड मोडत नाही. पण तिथे माणसे निवांत बसतात आणि जाताना काही मागे सोडतात, हे तिने सांगितले. तेव्हापासून कोणत्याही दुरुस्तीची पहिली फेरी रिकाम्या हातांनी होते : आधी वर जे आहे ते खाली आणायचे, त्याची यादी करायची, आणि मगच हत्यारे वर न्यायची. रजिस्टरला ‘सापडलेल्या वस्तू’ हा रकाना जोडला. पहिल्या तीन महिन्यांत तो एकदाही कोरा राहिला नाही.

परवान्याचा शेवटही पुढे ढकलला. हत्यारे खाली आली म्हणजे काम संपले, असे आता धरले जात नाही; चाचणीची धाव आणि भार धरून ठेवण्याची चाचणी होईपर्यंत परवाना उघडाच राहतो, आणि सही करणाऱ्याने तत्पूर्वी स्वतः वर जाऊन पाटी पाहिलेली असावी लागते. माझ्या गुडघ्यांना हा नियम आवडलेला नाही. चाचणीच्या काळात संपूर्ण बे बंद असतो, दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा असतो, आणि रवानगी विभागाला आदल्या दिवशी लेखी कळवून त्यांची पोच घेतली जाते. या शेवटच्या अटीवर सर्वांत जास्त वाद झाला, कारण बे दोन तास बंद म्हणजे एक गाडी उशिरा.

बे बंद करूनही एक माणूस क्रेनजवळच राहत होता, तो म्हणजे चालवणारा. पेंडंट क्रेनला लटकलेले असते, त्यामुळे ते धरणाऱ्याला क्रेनसोबत चालावेच लागते, आणि अपघाताच्या दिवशी इलेक्ट्रिशियन बोल्टापासून जेमतेम चार पावलांवर होता. त्याची नोंद आमच्या पहिल्या अहवालात नव्हती. त्याला काही झाले नाही म्हणून कोणाच्या लक्षातच आले नाही. चार महिन्यांनी तिन्ही क्रेनना रेडिओ रिमोट बसवले. तोवर चाचणीची धाव अर्ध्या वेगाने आणि पेंडंट शक्य तितके बाजूला ओढून घेतली.

टो-बोर्डची खिंड पत्रा जोडून बंद केली आणि केबलसाठी रबराची झडप ठेवली. क्रॅबखाली जाळी बांधण्याची सूचना आली होती. हुक आणि दोर यांना तिथूनच ये-जा करायची असल्याने आणि जाळीत साठलेल्या वस्तू पुन्हा कोणीतरी काढायच्या असल्याने ती आम्ही सोडून दिली. याच वेळी मला वाटू लागले की आपण फक्त क्रेनकडे पाहत आहोत, तिने उचललेल्या मालाकडे पाहत नाही.

तो विषय अधिक मोठा निघाला. पेटीच्या आकाराचे पोलादी खांब वेल्डिंग बेमधून उचलले जातात तेव्हा त्यांच्या पोटात आणि कानाकोपऱ्यांत चिपिंग हातोडा, रॉडची थोटके, कापलेले तुकडे, वेल्डिंगच्या नुसत्या टाक्यावर तात्पुरते धरलेले कोन राहून जातात. खांब आडवा असताना ते दिसत नाहीत. एक टोक वर झाले की घरंगळतात. जुने खलाशी खांबाला लाकडी हातोड्याने दोनतीनदा ठोकून कान देत असत. नव्या मुलांना ते म्हाताऱ्यांचे खूळ वाटे. आता ते ठोकणे कामाच्या पद्धतीत लिहिले आहे, आणि त्यापुढे भार फक्त वीतभर उचलून, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे हलका कलवून, आवाज आणि हालचाल पाहूनच वर न्यायचा, असेही. भाराला दोन्ही बाजूंनी लांब दोर बांधलेला असतो, म्हणजे त्याला वळवण्यासाठी कोणाला त्याच्याखाली हात घालावा लागत नाही. पहिल्याच महिन्यात एका खांबातून अर्ध्या किलोचा पत्र्याचा तुकडा वीतभर उंचीवरून खाली पडला, आणि तो ज्याच्या बुटाजवळ पडला त्या मुलाने त्यानंतर ठोकण्याची चेष्टा केल्याचे कोणी ऐकले नाही.

जखमी कामगार परत आला, पण उजवा हात खांद्याच्या वर नेताना अजून अवघडतो, म्हणून तो आता मालाच्या मोजणीवर असतो.

डिसेंबरमधल्या सफाईच्या फेरीत मधल्या क्रेनवर १७ नंबरचा एक रिंग पाना सापडला. त्याच्या दांड्याला आमच्याच रजिस्टरचा पितळी बिल्ला होता, क्रमांक ९. रजिस्टर काढून पाहिले. ऑक्टोबरमधील एका दुरुस्तीनंतर, म्हणजे नवीन पद्धत लागू होऊन चार महिने झाल्यावर, क्रमांक ९ त्याच दिवशी खाली परत आल्याची नोंद आहे.